थुंकलेली झाडं

पावस गावाच्या अलीकडे डोंगराच्या उतारावर आप्पांची आंब्यांची बाग होती आणि बागेच्या दगडी गडग्याला लागून एक पाणंद वर चढत जात होती. खाली समुद्रकाठी खारवीवाडी, वर डोंगरावर कुणब्यांच्या वाड्या. सकाळी होड्या किनाऱ्याला लागल्या की खारवीवाडीतल्या बायका पाट्यांत मासळी भरून या पाणंदीने वर जात आणि ऊन तापायच्या आत विकून मोकळ्या होत. गाडीरस्ताही होता, पण तो साऱ्या डोंगराला वळसा घालून जाई. त्या रस्त्याने निघालेला बांगडा वर पोचेपर्यंत इतका मऊ पडे, की गिऱ्हाईक आधी वास घेई आणि मग भाव विचारायच्या फंदात पडत नसे.

हिराचं घर या पाणंदीवर चालत होतं. नवरा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. त्याच्या वाट्याला येणारी मासळी हिरा विकून येई तेव्हा चूल पेटे. त्यामुळे पाणंदीच्या दोन्ही बाजूंना काय उगवतंय, याकडे तिचं बारीक लक्ष असायचं, आणि अलीकडे तिथे फार काही उगवत होतं.

गडग्याबाहेर आप्पांनी कुंपणाला मोगली एरंडाची वई लावली होती. ती त्यांनी गेले काही पावसाळे छाटलीच नव्हती. एरंड फोफावला. त्याच्या आडोशाने जांभळी उठल्या, बोरी उठल्या, रायवळ आंबे उठले, आणि सगळ्यांनी मिळून वाटेवर छत धरलं. मोकळं माणूस वाकून पलीकडे जाई. डोक्यावर पाटी असलेल्या बाईला ती सोय नाही. ती वाकली की आधी मासळी खाली येते. दिवाळीनंतर एका सकाळी एका फांदीने हिराची पाटी अलगद उचलली आणि उलटी केली. बांगडे उतारावरून घसरत खाली गेले. कावळे कुठून आले कोण जाणे.

मागून येणारी नणंद शकू हसून हसून खाली बसली. "वैनी, कावळ्यांनी उधार नेलंन गो सगळं."

हिरा तिथूनच रिकामी पाटी घेऊन आप्पांच्या अंगणात गेली. आप्पा कलमांच्या रोपांना पाणी घालत होते.

"आप्पानू, वई छाटा जरा. वाट बुजली."

"कुठली वाट?"

"ही काय, गडग्याकडची."

"ती वाट नव्हे, माझी जमीन आहे ती. वाट असती तर तिथून कोणी गेलं नसतं का?"

"मग आमी काय उडत जातो?"

"जात असाल चोरून. सरकारने गाडीरस्ता केलाय तो कशाला?" असं म्हणून आप्पांनी पुढच्या रोपाला पाणी घातलं. तेव्हा हिराच्या लक्षात आलं, की ही एवढी रोपं बागेत मावायची नाहीत. आप्पांना पाणंद बागेत घ्यायची होती आणि वई त्यांचं निम्मं काम परस्पर करत होती.

दुसऱ्या दिवशी हिरा आणि शकूने कोयतीने चार फांद्या तोडल्या. आप्पांनी वई मोडल्याची तक्रार केली. हिराने वाट अडवल्याचा अर्ज दिला. मामलेदार दोन्ही कागद घेऊन पाहणीला आले.

मामलेदार हडकुळे, शांत आणि चौकस गृहस्थ होते. हातात छत्री होती. आप्पा टोपी आणि इस्त्रीचा कोट घालून आले होते. बायकाही सगळ्या आल्या होत्या, कारण काही झालं तरी आज मासळी वर जाणार नव्हती.

"मला दोन गोष्टी बघायच्यात," मामलेदार म्हणाले. "इथून लोकांची वहिवाट आहे का, आणि हे रान साफ करायचं कोणी. वहिवाट नसेल तर दुसरी गोष्ट उरतच नाही. जमीन आप्पांची. बाईंनी गाडीरस्ता धरावा."



"आमी रोजची जातो, सायेब," शकू म्हणाली.

"कोणी जात नाही," आप्पा म्हणाले.

मामलेदारांनी खाली पाहिलं. सगळा जांभा कातळ. त्यावर जन्मभर चाललं तरी पाऊल उमटत नाही. त्यांनी छत्रीच्या टोकाने पाला सारून पाहिला, खाली आणखी पाला होता. मग त्यांनी तो प्रश्न बाजूला ठेवला. "बरं, ही झाडं कोणाची?"

"एरंड माझा," आप्पा म्हणाले. "तो मी छाटीन. बाकीची मी लावलेली नाहीत. मी का तोडावी?"

"मग लावली कोणी?"

"या बायांनी. थुंकून."

बायकांत एकदम कालवा झाला. आप्पांनी हात वर केला. या मुद्द्याचा त्यांनी पुष्कळ विचार केला होता, हे दिसत होतं. "खातात आणि चालता चालता बिया थुंकतात. जांभळं म्हणू नका, बोरं म्हणू नका, आंब्याच्या बाठी म्हणू नका."

"पक्ष्यांनी टाकल्या असतील."

"पक्षी आंब्याची बाठ कशी उचलील, रावसाहेब? वाघूळ आंबा नेतं म्हणाल, तर ते झाडाला लटकून खातं, बाठी त्या झाडाखाली ढिगाने पडतात. इथे बघा. खालपासून वरपर्यंत सगळी झाडं वाटेच्या कडेने ओळीत. माझ्या बागेत एक जांभूळ दाखवा. माणूस चालत गेल्याशिवाय बी अशी पडायची नाही."

मामलेदारांनी मान डोलावली. मुद्दा त्यांना पटलेला दिसला.

"आमी नाय थुंकत," शकू उसळली. "आमच्या डोक्यावर पाटी, तोंडात विडा. जांभळं कधी खाणार?"

"आमच्यात वाटेवर खातच नाय," शेजारची जनी म्हणाली. सगळ्यांनी हो हो केलं.

आप्पांचं शेवटचं वाक्य हिराच्या डोक्यात घोळत होतं. माणूस चालत गेल्याशिवाय. तिने एकदा आप्पांकडे पाहिलं, एकदा त्या ओळीकडे पाहिलं, आणि पुढे होऊन एका जांभळीच्या बुंध्यावर हात ठेवला.

"रावसाहेब, ही माझी. मीच थुंकले."

शकूने तिला चिमटा काढला. "येड लागलं काय गो तुला?"

"जाताना पाटी भरलेली असते, तेव्हा नाय खात. येताना रिकामी असते, तेव्हा खातो. खोटं कशाला बोलू?" मग ती आप्पांकडे वळली. "आप्पानू, तुमची नजर बारीक. ती वरची जाडी जांभळ कधीची असंल?"

"ती?" आप्पांना विचारलेलं आवडलं. "ती आमच्या वडलांच्या वेळची. तेव्हापासून खोड आहे ही तुमची."

शकूच्या डोक्यात आता उजेड पडला. तिने घाईने एक रायवळ आंबा पकडला. "ह्यो माझा." जनीने बोर घेतली. तिला काटा लागला, तरी सोडली नाही. एका सीताफळीवरून दोघींचं भांडण लागलं, आणि एक म्हातारी म्हणाली की जाडी जांभळ तिच्या सासूची.

मामलेदारांनी छत्री काखेत घेतली. "म्हणजे आप्पा, वडिलांच्या वेळेपासून इथून लोक ये-जा करतात."

"ये-जा म्हणजे... थुंकतात."

"नुसतं थुंकायला एवढा डोंगर कोण चढेल?"

आप्पांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली.

निकाल मामलेदारांनी तिथेच सांगितला. वहिवाट जुनी, वाट मोकळी राहील. एरंड आप्पांचा, तो दर पावसाळ्यानंतर आप्पांनी छाटायचा. बाकीची झाडं वाटेने जाणाऱ्यांची, त्यांच्या वाटेवर आलेल्या फांद्या त्यांनी तोडायच्या. "आणि आत्ताच सुरू करा. मी डोंगर पुन्हा चढणार नाही," असं म्हणून ते एका धोंड्यावर बसले.

बायकांनी कोयत्या काढल्या. तासाभरात वाटेवर आभाळ दिसू लागलं आणि खाली फांद्यांचा ढीग पडला. शकू मोळी बांधू लागली तेव्हा आप्पा पुढे आले.

"लाकडं इथेच राहू देत."

"का हो?" हिरा म्हणाली. "झाडं आमची, आणि लाकडं तुमची?"

आप्पांनी मामलेदारांकडे पाहिलं. मामलेदार समुद्राकडे पाहत होते.

मग आप्पांनी बागेतून कोयता मागवला आणि ते एरंडाकडे वळले. पहिल्याच घावाला चीक उडाला.

"कोट काढा, आप्पानू," हिरा मागून म्हणाली. "चिकाचा डाग जात नाय. घरात बोलणी खाल."

आप्पा क्षणभर घुटमळले, मग त्यांनी कोट काढला आणि तो ठेवायला कोरडी, स्वच्छ जागा शोधू लागले. हिराने एक फांदी तोडायला कोयती उचलली होती, ती खाली घेतली. आप्पांनी त्या फांदीला कोट अडकवला. हिरा पुढच्या झाडाकडे गेली.