ताणलेल्या ओळी

"उद्या तू दवाखान्यात यायचं नाहीस," बायकोने आदल्या संध्याकाळीच बजावलं होतं. "तू येरझाऱ्या घालतोस, नर्सना भंडावून सोडतोस आणि माझा जीव वरखाली होतो. ताई आहे माझ्याजवळ. तू तुझं पुस्तक हातावेगळं कर."

तिच्या गळ्यातली गाठ काढायची होती. गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली, आवाज कायमचा बसू शकतो, असं डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. आणि बायको अशी, की झोपेतही तिची टकळी थांबत नसे.

म्हणून तो सकाळी मुकाट्याने आपल्या एका खोलीच्या ऑफिसात येऊन बसला. संगणकावर पुस्तकांची अक्षरजुळणी हा त्याचा जुना धंदा. मधमाश्यांवरचं एक जाडजूड पुस्तक आज छपाईला जायचं होतं. शेवटचं प्रकरण त्याने पानांत ओतलं आणि कपाळाला हात लावला. प्रत्येक परिच्छेदाची शेवटची ओळ, मग तिच्यात तीनच शब्द का असेनात, या समासापासून त्या समासापर्यंत ताणली गेली होती. शब्दांमधल्या फटींतून हत्ती जावा. नव्या परिच्छेदाची पहिली ओळ जराशी आत सरकायला हवी, तीही जागची हलेना.

त्याने सगळ्या ओळी डावीकडे लावून पाहिल्या. उजवी कड उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसू लागली. शब्दांमधलं अंतर आवळलं, तर आधीच्या धडधाकट प्रकरणांचाही विचका झाला. केलेलं सगळं मागे घेतलं. मग पुन्हा तेच केलं. मधूनच फोन उलटा ठेवायचा, लगेच सुलटा करायचा. खिडकी उघडायची, बंद करायची. चहा मागवला होता, त्यावर साय धरली.

शेवटी न राहवून त्याने मेहुणीला फोन लावला.

"ताई, काही कळलं?"

"भाऊजी, आताच तर आत नेलंय तिला. कळलं की मीच करते फोन."

तेवढ्यात प्रकाशकबाईंचा फोन आला. "अहो, फाइल कधी देताय? छापखान्यातली माणसं हातावर हात ठेवून बसलीत."

"देतो. परिच्छेद ऐकत नाहीयेत."

"मग दटावा त्यांना," बाई म्हणाल्या आणि हसल्या. त्याला हसू आलं नाही.

त्याने अक्षराचा आकार बदलला, समास बदलले. खरं तर अशा वेळी सगळ्यात आधी ओळ कुठे तुटली, परिच्छेद कुठे संपला हे दाखवणाऱ्या, पडद्यावर लपलेल्या खुणा उघडून बघायच्या, हे तो स्वतः नवख्यांना शिकवायचा. आज ते त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. खुणा उघडल्या त्यासुद्धा चुकून, भलतंच बटण दाबलं गेल्यामुळे. आणि दुखणं समोर आलं. लेखकाने कुठेच परिच्छेद संपवला नव्हता, नुसती ओळ तोडून तो पुढे गेला होता. त्यामुळे मशीनच्या लेखी ते अख्खं प्रकरण म्हणजे एकच परिच्छेद होता, आणि त्यातली प्रत्येक ओळ ते इमानेइतबारे कडेपर्यंत ताणत होतं.

तोडलेल्या ओळींच्या जागी परिच्छेदाची खूण घालायचा एक हुकूम दिला, आणि सगळं प्रकरण सुतासारखं सरळ झालं. त्याने पानं वरखाली तपासली, फाइल पाठवून दिली.

आणि मग करायला काहीच उरलं नाही. इतका वेळ त्या ओळींशी भांडण चाललं होतं, तोवर बरं होतं. आता खोली अंगावर आली. त्याने कुलूप घातलं आणि थेट दवाखाना गाठला.

मेहुणी बाकावर बसली होती. तो बोलणी ऐकायच्या तयारीने उभा राहिला, पण तिने फक्त पर्स उचलून मांडीवर घेतली आणि त्याला जागा करून दिली.

"फार वेळ लावतायत हो," ती हळूच म्हणाली. पर्सचा बंद ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. ताईलाही भीती वाटते, हे इतक्या वर्षांत त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. तो बसला. पाय हलत होते, ते त्याने बाकाखाली घेतले.

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "गाठ निघाली. नस वाचलीय असं दिसतंय, पण ती बोलेपर्यंत मी छातीठोक सांगणार नाही."

मग त्यांना आत सोडलं. खाटेवर बायको डोळे मिटून पडली होती, गळ्याला पट्टी. दोघं दोन बाजूंना उभी राहिली. तिने डोळे किलकिले केले, आधी बहिणीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि घोगऱ्या, खरखरीत आवाजात म्हणाली, "ताई सकाळपासून उपाशी असेल. तिला काहीतरी खायला घाल."

"बोलू नकोस," मेहुणी म्हणाली, आणि पदराने डोळे पुसू लागली.

तो जिना उतरून खाली उपाहारगृहात गेला. काउंटरवरच्या माणसाने काय हवं म्हणून दोनदा विचारलं, तरी त्याच्या तोंडून शब्द फुटेना.