तोलायचा गूळ

मुलांनो, जरा डोळ्यांपुढं आणा. तुम्ही सगळे फेर धरून उभे राहाल एवढी रुंद लोखंडी कढई. तिला काईल म्हणतात. खाली चुलाण धडधडतंय, वर उसाचा रस उकळतोय आणि वाफेनं छप्पर दिसेनासं झालंय. रसावर मळीचा काळपट फेस जमतो आणि एक म्हातारा लांब दांड्याच्या झाऱ्यानं तो अलगद बाजूला काढतोय. घाई नाही. घाई केली की मळी पुन्हा रसात मिसळते.

हा आकाराम, गडमुडशिंगीचा गुळव्या. उभा जन्म त्यानं हेच केलं. रस राखला, मळी काढली.

त्याची मुलगी अनुजा हेच काम करते म्हणा ना, फक्त तिची काईल बारीक नळीत मावते. एकात एक मिसळलेले पदार्थ वेगळे करायचे आणि त्यात नको ते किती आहे हे शोधायचं, हे तिचं शास्त्र. खाण्यातली भेसळ ओळखायची नवी रीत तिनं शोधली, म्हणून दिल्लीत तिचा मोठा सन्मान झाला. मग गाव कसं मागं राहील? गावानं तिची गुळतुला ठरवली. तराजूच्या एका पारड्यात अनुजा बसणार, दुसऱ्यात तिच्या वजनाचा गूळ. आणि तो गूळ बापानंच करायचा.

"तात्या, गूळ कसा पिवळाधमक पायजे," सत्कार समितीचा राजवीर गुऱ्हाळावर येऊन म्हणाला. "तुमचा न्हेमीचा काळा नगं. फोटो निघणार हायत."

"मी भेंडीचा चीक घालून मळी काढतो. रंग यील तसा यील."

"एक डाव पावडर टाका की! सगळीच टाकत्यात. पोरीच्या सत्काराला काळ्या ढेपा मांडल्या, तर लोक काय म्हणतील?"

गूळ उजळणारी ती पावडर आकारामनं आजवर दारात येऊ दिली नव्हती. जास्त पडली तर पोटाला वाईट, हे त्याला ठाऊक होतं. पण डोळ्यांपुढं लेकीचा फोटो आला. फेट्यातली लेक, आणि शेजारी काळपट ढेपा. राजवीरनं पुढं केलेली पुडी त्यानं फोडली. 'ह्यो काय खायचा गूळ हाय?' तो स्वतःशीच पुटपुटला. 'ह्यो तोलायचा गूळ.'

रविवारी शाळेच्या पटांगणात मांडव भरला. हलगी वाजली. अनुजाला फेटा बांधला, आकारामलाही बांधला. पिवळ्या ढेपांकडं अनुजानं एकदा पाहिलं, मग बापाकडं पाहिलं. आकाराम उगीच फेट्याचा शेमला सारखा करत राहिला.

भाषणाऐवजी तिनं एक खडू घेतला. त्यावर काळ्या स्केचपेनचा ठिपका काढला आणि खडूचं टोक पाण्यात उभं केलं. पाणी वर चढू लागलं, तशी काळ्यातून जांभळी, निळी, गुलाबी रेघ सुटी झाली.

"आत्या, काळ्यात एवढं रंग हुतं?" पहिल्या रांगेतून आकारामची नात क्रांती ओरडली.

"हुतं की. थोडी कळ काढली की आपलं आपण दिसत्यात."

आकारामनं मान खाली घातली.

मग तुला झाली. पारडी एका पातळीत आली, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. राजवीरनं माईक घेतला. "आता ह्यो गूळ समद्या पोरास्नी वाटायचा! लाईन करा रं!"

पोरं धावली. सगळ्यांत पुढं क्रांती, ओंजळ पसरून. तुलेचा गूळ वाटतात, हे आकाराम लहानपणापासून पाहत आला होता. नेमकं तेच तो विसरला होता.

"थांबा," तो उठला. "वाटू नगा. त्यात पावडर हाय. मी घातलीया."

हलगी थांबली.

"जलमभर भेंडी-भेंडी करत हुता!" मागून कुणीतरी म्हणालं. "आज कळलं."

आकारामनं वळून पाहिलं नाही. राजवीर माईक झाकून कुजबुजला, "तात्या, गप बसायचं की वो!"

अनुजा पारड्यातून उतरून बापापाशी आली. "आण्णा, घरात खायला कसला ठेवलाय?"

"आपला न्हेमीचा."

"त्यो आणा. मला त्यानंच तोला."

"पुरायचा न्हाय गं."

"न्हाय पुरला तर न्हाय."

घर शाळेमागंच होतं. दोघा गड्यांनी वर्षाच्या बेगमीचा काळपट गूळ आणला, पिवळ्या ढेपा उतरवल्या आणि तो पारड्यात ठेवला. अनुजा पुन्हा बसली. तिचं पारडं जमिनीला टेकलं ते उठेचना. गुळाचं पारडं वरच लोंबकळत राहिलं. मांडवात हसू फुटलं. आकाराम तराजूशेजारी रिकाम्या हातांनी उभा होता. तुला अपुरी राहणं बरं नसतं, पण आता त्याच्याजवळ घालायला काही उरलं नव्हतं.

क्रांतीनं आजोबाकडं पाहिलं. मग पारड्याकडं. तिनं पायातल्या चपला काढून नीट बाजूला ठेवल्या, आजोबाचा हात धरून वर चढली आणि काळ्या गुळाला टेकून मांडी घालून बसली.