मालनचा पक्का कोबा

"साहेब येनार म्हनून सारवलं. चुकलं काय माझं?" मालन कमरेवर हात ठेवून नवऱ्याशी भांडत होती.

तिचा नवरा, आमचा नागनाथ, बार्शीकडचा. फौजेतून सुटला आणि इथंच, जयपूरशेजारी कानोत्याला घर बांधून राहिला. मालनची उखळात कुटलेली शेंगाचटणी प्रताप नगरच्या दुकानदार द्वारकाजीनं चाखली, बोटं चाटली आणि म्हणाला, सरकारी नोंदणीचा नंबर छापलेलं पाकीट आणा, मगच दुकानात ठेवतो. मालनला पैशाचं तेवढं नव्हतं. पाकिटावर स्वतःचं नाव छापून यावं, एवढ्यासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता.

नागनाथनं नियम वाचून दाखवले. डोक्याला टोपी, कापलेली नखं, पाकिटावर तारीख आणि स्वच्छ जमीन. आता सारवल्याशिवाय जमीन स्वच्छ होते, हे मालनला कोण पटवणार? तिनं कोपरा न् कोपरा सारवला, वर रांगोळी काढली.

तपासणीचे साहेब आले आणि उंबऱ्यातच थबकले. "माताजी, ये गोबर है?"

"व्हय जी, एकदम ताजा."

"पक्का फर्श बनवाइए. फिर आऊँगा." साहेब आल्या पावली परत गेले, आणि भांडण पेटलं.

"कोब्याला पैका कुठनं आनू?" नागनाथ म्हणाला.

"म्हशीला कोबा घातला तवा बरा व्हता पैका." असं म्हणाली आणि मालननं एकदम गोठ्याकडं पाहिलं. गोठ्याला कोबा होता खरा. म्हशीचे खूर सडतात म्हणून नागनाथनं हौसेनं घातला होता. लोकांचं आधी पोटोबा मग विठोबा, याचं आधी म्हैस मग बायको.

"अवो, म्हस सोडा."

दोघांनी गोठा धुतला, घासला, चुना मारला. गव्हाणीवर फरशी टाकून ओटा केला. उखळ आणि चूल तिकडं गेली, म्हैस सारवलेल्या स्वयंपाकघरात ऐसपैस बसली.

साहेब पुन्हा आले. टोपी घातलेली मालन पाहिली, भिंतीवर बोट फिरवलं, कोब्यावर बूट घासला. "बढ़िया. ये कमरा पहले क्यों नहीं दिखाया?"

"घर का एक मेंबर रहता था, सर," नागनाथ सावधान उभा राहून म्हणाला.

नंबर मिळाला. पहिलं पाकीट हातात आलं, तेव्हा मालननं आपल्या नावावरून कितीदा तरी बोट फिरवलं. डोळे भरले होते तिचे.

"घरात व्हते तवर माझं नाव कुनी इचारलं न्हाई," ती म्हणाली. "गोठ्यात आले आन् छापून आलं."