करवती काठातलं भस्म

मनीषनगरच्या हॉलमध्ये गुरुवारी पाय ठेवायला जागा नसायची. शांतिबाबा मधात कालवलेलं चिमूटभर भस्म जिभेवर ठेवायचे, आणि अर्ध्या तासात भला दांडगा दारुडाही सतरंजीवर आडवा व्हायचा.

"ही झोप नाही गा, समाधी आहे," बाबा माइकवरून सांगायचे. "भस्म सोडाल तर हात कापतील, घाम फुटंल. मंग समजा बाधा परतली. अन् डॉक्टरले सांगाल तर भस्माची राख होईल."

भस्म म्हणजे मुळात राखच ना, हे विचारायला तिथे कुणी जागं राहत नसे.

गोपिकेचा नवरा रामाजी करवती काठाच्या साड्या विणायचा आणि दारू प्यायचा. दुपारच्या जेवणानंतर भस्माची पुडी सुरू झाली, दारू सुटली, घरातली आरडाओरड थांबली. गोपिका बाबांच्या पायावर डोकं ठेवून आली.

महिनाभरात मात्र काठावरच्या करवतीसारख्या नक्षीचे दात चुकू लागले. सकाळचे सरळ, दुपारचे वेडेवाकडे. रामाजी मागावरच डुलक्या घ्यायचा. "काहून वं असं होऊन राहिलं?" तो तिलाच विचारायचा. वय झालं असेल, असं म्हणून तिने मनाची समजूत घातली. ते तिच्या मनाला पुढे फार लागलं.

पुतण्याच्या साखरपुड्यात पाहुण्यांनी आग्रह केला आणि रामाजी दारूचे दोन पेले प्याला. तासाभरात त्याचे ओठ निळे पडले. श्वास यायचा, मग बराच वेळ यायचा नाही.

धंतोलीतल्या दवाखान्यात डॉक्टर मीनल यांनी विचारलं, "काकू, दारूशिवाय काय घेतलंय यांनी?"

गोपिकेचा हात पदराच्या गाठीवर गेला. सांगितलं तर बाबांचा शब्द मोडतो. तिने रामाजीच्या छातीकडे पाहिलं आणि पदराची गाठ सोडून पुडी टेबलावर ठेवली. "डॉक्टरले सांगू नका, असं बाबांनी बजावलं होतं," ती म्हणाली.

रामाजीला यंत्राने श्वास दिला. तिसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले. पुडीच्या तपासणीचा कागदही आला.

"राखेत झोपेच्या गोळ्या कुटून घातल्यात," डॉक्टर म्हणाल्या. "दारू मेंदूला मंद करते, गोळीही मंद करते. दोन्ही एकत्र आल्या की श्वास घ्यायचंच भान राहत नाही. पुडी चुकली की हात कापतात, ते गोळीची सवय लागल्यामुळे. बाधा वगैरे काही नाही."

पुढच्या गुरुवारी गोपिकेने हॉलमध्ये सतरंजीवर रामाजीने भस्म घेत असताना विणलेली साडी उलगडली. गर्दीत निम्मे विणकर होते. काठ वाचायला त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

"इथवर जेवणाआधीचं. इथून भस्मानंतरचं. रोज असंच. या भस्मात झोपेच्या गोळ्या कुटल्या आहेत."

पुढे बसलेल्या विणकर बबनरावांनी वाकून काठावरून बोट फिरवलं. "माह्या मागावरबी हेच होऊन राहिलं," ते हळूच म्हणाले. बाबांनी माइक हातात घेतला, पण आता सगळे काठाकडे पाहत होते.

"पुडी एकदम बंद नका करू, झटके येतात," गोपिका म्हणाली. "डॉक्टरले दाखवा. काय काय घेता ते खरं सांगा." तिने काठाच्या शेवटच्या वाकड्या दातावर बोट ठेवलं. "मी गप बसली असती, तर हे माह्या नवऱ्याचं शेवटचं काम ठरलं असतं."