पाणी आल्याची घटना

सावरदऱ्याच्या ग्रामपंचायतीनं सुमेधाचा सर्व्हर रीतसर जप्त केला, सील केला आणि कार्यालयात नेऊन ठेवला. आता हे झालंच नाही असं समजा. ग्रामपंचायतही तसंच समजते, आणि सर्व्हर तर तसाही नव्हता.

वाटूर फाट्यावरून आत वळलं की सावरदरा लागतं. नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, पण कधी ते फक्त कडूबाला ठाऊक, कारण टाकीचा व्हॉल्व्ह तोच फिरवायचा. व्हॉल्व्ह फिरवला की कडूबा पहिला फोन मोठ्या गल्लीत करायचा. मग चहा प्यायचा. मग कुणीतरी ओळखीचं भेटायचं. भीमनगरला कळवायचं नाही असं त्यानं कधी ठरवलं नव्हतं, त्याला ते फक्त कधी आठवलं नव्हतं. मोठ्या गल्लीचे हौद भरून नाली वाहू लागली, की त्या नालीवरून भीमनगरला कळायचं पाणी आलं म्हणून. तोवर तिकडच्या मोटारींनी पाईप चाटूनपुसून घेतलेला असायचा. सुमेधाची माय गिरिजाबाई नळाखाली हंडा लावायची आणि नळ तिच्याकडं बघून नुसता फुसफुसायचा.

सुमेधा जालन्यात शिकली आणि पुण्याच्या एका कंपनीचं काम भीमनगरात बसून करायची. गावाच्या सरपंच उषाबाई होत्या. सरपंचकी त्यांचे मालक अप्पाराव करायचे. तालुक्याला गाव हुशार दाखवायची वेळ आली तेव्हा अप्पारावांनी सुमेधाला बोलावलं आणि पाण्याचं काहीतरी कॉम्प्युटरवर करून दे म्हणाले, तू तर आपलीच पोरगी. काम फुकट असलं की अप्पारावांना सगळं गाव आपलंच वाटायचं.

सुमेधानं केलं. टाकीखालच्या पाईपला सरकारी योजनेतून एक सेन्सर बसला. पाण्याचा दाब वाढला की तो तशी खबर द्यायचा. ही झाली घटना. घटना घडली की क्लाउडवर, म्हणजे दूर कुठल्यातरी कंपनीच्या भाड्याच्या कॉम्प्युटरवर, सुमेधाचं जावास्क्रिप्टमधलं छोटंसं फंक्शन, म्हणजे चार ओळींचा प्रोग्राम, जागं व्हायचं, गावातल्या सगळ्या फोनवर ‘पाणी आलं’ असा निरोप टाकायचं आणि पुन्हा झोपायचं. झोपलं की ते कुठंच नसायचं. सगळे निरोप तिनं एकदम सोडले होते. आधी हा, मग तो, अशी रांगच त्यात नव्हती. क्लाउडचं खातं तिच्याच नावावर उघडलं, कारण पंचायतीच्या ईमेलचा पासवर्ड मागच्या सरपंचांसोबत सत्तेवरून गेला होता.

उद्घाटनाला अप्पारावांनी सेन्सरला हार घातला, शेजारी उभं राहून फोटो काढला आणि तो तालुक्याला पाठवला.

पहिल्या निरोपाला सगळ्या गावाचे फोन एकदम वाजले. गिरिजाबाईचा हंडा भरला, टाकी भरली, परात भरली आणि तरी नळ चालूच म्हणून तिनं कुकरही भरून ठेवला. दिवसभर ती कुकरचं झाकण उघडून बघत राहिली. अप्पारावांचा हौद मात्र अर्ध्यावर थांबला. त्यांनी सुमेधाला बोलावणं धाडलं.

सुमेधा गेली तेव्हा ते ओट्यावर बसून होते. आधी त्यांनी तिचं कौतुक केलं, मग गावाचं, मग विज्ञानाचं. मग मुद्द्यावर आले.

“लय झ्याक केलं पोरी. फक्त मोठ्या गल्लीला आधी कळू दे. भीमनगरला मंग, जराशानं. किती काम लागल त्याला?”

“एका ओळीचं.”

“मंग लिहून टाक जल्दी.”

“न्हाई लिहीत, अप्पा.”

अप्पारावांना वाटलं, तिला ते जमत नसावं. त्यांनी धीर दिला. सुमेधा म्हणाली जमतं, बिलकुल जमतं, चहा उकळायच्या आत होईल. ते म्हणाले, मग? ती म्हणाली, मग काही नाही, लिहीत नाही. असं दोन-तीनदा झालं. जमत नाही म्हणणारे लोक अप्पारावांनी आयुष्यभर सांभाळले होते. जमतं पण करत नाही म्हणणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं, आणि तेही हसऱ्या तोंडानं.

सेन्सरच उपटावा, तर हार घातलेला फोटो तालुक्याला गेलेला. म्हणून त्यांनी ठरवलं की मुळावरच घाव घालायचा. निरोप सोडणारा सर्व्हरच जप्त करायचा.

ग्रामसेवक मच्छिंद्र भाऊसाहेब कुलूप, लाख आणि पंच म्हणून कडूबाला घेऊन भीमनगरात आले. सर्व्हर कुठं आहे असं त्यांनी विचारलं. सुमेधा म्हणाली, नाही. त्यांनी विचारलं, लपवलाय का? ती म्हणाली, भाऊसाहेब, मुळातच नाही, म्हणजे आपल्याला दिसल असा नाही. काम पडलं की कुठंतरी तेवढ्यापुरता येतो, झालं की निघून जातो. ही व्यवस्था भाऊसाहेबांना चटकन समजली, कारण गावात ते स्वतः तसेच येत. पण पंचनाम्यात नसलेली वस्तू लिहायला रकाना नव्हता, आणि रिकाम्या हातानं परतायची अप्पारावांची परवानगी नव्हती.

कडूबानं घरात नजर फिरवली. सर्व्हरला सारखा गारवा लागतो असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. कोपऱ्यात कूलर होता. आवाज करत होता, लाल दिवाही लागलेला होता.

“हाच असंल,” कडूबा म्हणाला.

गिरिजाबाई म्हणाली, अरे मेल्या, मागच्या उन्हाळ्यात ह्याच्याच पुढं बसून सरबत पिऊन गेल्तास. कडूबा म्हणाला, तेव्हा तो कूलर होता काकू, आता तपास चालू आहे. कूलरला लाख लावली, सुमेधाची सही घेतली आणि ‘सर्व्हर, गवतासह, एक नग’ अशी नोंद होऊन तो कार्यालयात गेला. वैशाख होता. भाऊसाहेबांच्या टेबलाशेजारी ठेवल्यावर तो चालू आहे की बंद हे तपासणं ओघानंच आलं, आणि ती तपासणी पुढं रोज होत राहिली.

पुढच्या पाण्याला अप्पारावांनी कडूबाला गुपचूप व्हॉल्व्ह फिरवायला सांगितलं. कडूबा चपला हातात घेऊन गेला. व्हॉल्व्ह फिरला आणि सगळ्या गावाचे फोन वाजले. कडूबाच्या खिशातलाही वाजला. भीमनगरातल्या बायांनी नळ उघडले, आणि कूलरशिवाय घामाघूम झालेल्या सुमेधानं माठातलं शिळं पाणी झाडाला घातलं, आज ताजं आहे म्हणून.

त्याच्या पुढच्या वेळी कडूबानं व्हॉल्व्ह करंगळीएवढाच उघडला, म्हणजे दाब वाढणार नाही आणि सेन्सरला सुगावा लागणार नाही. सेन्सर खरंच गप्प बसला. पाणी पहिल्या घरापर्यंत गेलं, तिथल्या म्हशीनं ते पिऊन टाकलं आणि त्या दिवशी मोठ्या गल्लीलाही पाणी आलं नाही. गल्लीनं अप्पारावांकडं जाऊन विचारलं, हे काय करून राह्यले तुम्ही. शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण उघडावा लागला आणि फोन पुन्हा एकदम वाजले.

मग अप्पारावांनी ग्रामसभा बोलावली. भाऊसाहेबांनी ठराव वाचला: पाणी आल्याची घटना ग्रामपंचायतीने मंजूर केल्याशिवाय ती घडली असे कोणीही, माणूस अथवा यंत्र, समजू नये.

खुर्चीवर बसलेल्या, आणि आजवर फक्त बसलेल्या, उषाबाईंनी विचारलं, मंजुरी मिळेपर्यंत हौदात जे असतं त्याला काय म्हणायचं. अप्पाराव म्हणाले ते नंतर बघू. उषाबाई म्हणाल्या, नंतर का, सही मला करायची आहे.

सुमेधा मागच्या रांगेतून उठली. मायनं तिचा पदर ओढला, पण ओढून खाली बसवण्याइतका नाही.

“अप्पा, ठराव कशाला. मला एवढंच लेखी द्या: भीमनगरला मागून कळवा. का, ते लिहा. खाली सही करा. इथंच बसून ओळ लिहिते, तुमच्यासमोर.”

अप्पारावांनी भाऊसाहेबांकडं बघितलं. भाऊसाहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. अप्पाराव म्हणाले, अशा गोष्टी काय लिहायच्या असतात का, समजून घ्यायच्या असतात. सुमेधा म्हणाली, मी समजून घेते हो, पण माझं फंक्शन लिहिल्याशिवाय काहीच समजून घेत नाही, त्याला तोंडी गावगाडा कळत नाही. मोठ्या गल्लीतलंही कुणीतरी हसलं. अप्पारावांनी विषय गटारीच्या कामाकडं वळवला.

तरी जाता येता निरोप येत राहिले. पोरीला समजाव, असं गिरिजाबाईला पाणंदीत दोघांनी सांगितलं. गिरिजाबाई म्हणाली, मला लेखी द्या, मी वाचून दाखवते तिला. मग सुमेधानंच काम सोपं केलं. अर्ज केला, पोच घेतली आणि एक प्रत कार्यालयाच्या फळ्यावर चिकटवली:

प्रति,
मा. सरपंच, ग्रामपंचायत सावरदरा

विषय: भीमनगरास पाणी मागाहून कळविण्याचा लेखी आदेश मिळणेबाबत

महोदया,

उपरोक्त विषयान्वये अर्ज सादर करते की, पाणी आल्याची घटना घडताच भीमनगर वगळून इतर ग्रामस्थांस प्रथम कळवावे, अशा तोंडी सूचना मला वेळोवेळी प्राप्त झाल्या आहेत. सदर सूचनांची अंमलबजावणी एका ओळीत होऊ शकते व ती करण्यास मी सक्षम आहे. लेखी आदेश प्राप्त होईपर्यंत सर्वांना एकाच वेळी कळविले जाईल, याची नोंद घ्यावी.

तरी मेहेरबानांनी भीमनगर मागे ठेवण्याचे कारण स्वच्छ अक्षरात नमूद करून, ज्यांना ज्यांना ते कारण मान्य आहे त्या सर्वांच्या पूर्ण नावानिशी व सह्यांनिशी, सदर आदेश भर ग्रामसभेत मोठ्याने वाचून मला देण्यात यावा, ही नम्र विनंती.