राजीखुशीच्या चिठ्ठ्या

महिन्याची पहिली तारीख होती. बाटल्यांच्या कारखान्यातील तपासणी खात्यात जेवणाच्या सुटीचा भोंगा वाजला, सरकता पट्टा थांबला आणि एकतीस बायकांनी एकदमच डोळे चोळले. उजेड लावलेल्या पांढऱ्या काचेसमोरून दर मिनिटाला साठ बाटल्या सरकत. त्यांतला तडा, बुडबुडा, वाकडी मान हेरून ती बाटली बाजूला काढायची, हे त्यांचे काम. या खात्याच्या मुकादमीणबाईला सारा कारखाना ‘भिंग’ म्हणत असे. तिच्या नजरेतून केसाएवढा तडाही सुटत नाही, अशी तिची ख्याती होती. ती खरीही होती, पण बाटल्यांपुरती.

भिंगने खणातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि प्रत्येकीपुढे पाच-पाच ठेवल्या. चिठ्ठीवर एकच वाक्य छापलेले होते : ‘मी राजीखुशीने जादा काम करण्यास तयार आहे.’ त्याखाली तारखेची जागा कोरी, पुढे चार ओळी कोऱ्या आणि तळाशी सहीची रेघ.

“आण बाई, आमची राजीखुशी आण,” बुचे बसवणारी म्हणाली. तिच्या जिभेला हाड नव्हते. “लग्नात कोणी मला विचारलं नाही राजी आहेस का म्हणून. इथं महिन्यातून पाच वेळा विचारतात!”

“विचारतात कुठं? नुसत्या सह्या घेतात,” शेजारची पुटपुटली.

“करा गं, डबे गार होतायत,” भिंग हसून म्हणाली. “दादाकडेच जायच्यात ना? तो काय परका आहे?”

दादा हा भिंगचा सख्खा थोरला भाऊ आणि कामगार संघटनेचा सरचिटणीस. चौदा वर्षांपूर्वी एकेचाळीस दिवसांचा संप करून कामगारांनी जो करार मिळवला, त्यातले अकरावे कलम त्याने स्वतःच्या हाताने लिहिले होते. आठवड्याचे काम अठ्ठेचाळीस तास. सहा दिवस काम, सातवा दिवस विश्रांतीचा. त्यापलीकडचे काम दुप्पट मजुरीचे, आणि तेही कामगाराने आदल्या दिवशी लेखी संमती दिली तरच. सुटीच्या दिवशी काम केले, तर तीन दिवसांच्या आत बदली सुटी. इतके निःसंदिग्ध कलम होते की, मालकाचा वकीलही त्यावर बोट ठेवू शकला नव्हता.

मग ही कोरी चिठ्ठी आली कोठून? ती मालकाने आणली नाही. भट्टीवरच्या माणसाला हातातला चिमटा टाकून सहीसाठी कार्यालयापर्यंत जाणे जमेना, म्हणून दादानेच ती सोय काढली. प्रत्येकाने पाच चिठ्ठ्या आधीच सही करून त्याच्या कपाटात ठेवाव्यात. गरज पडली की तो त्या माणसाला विचारील आणि मगच तारीख घालील. पहिली दोन वर्षे तो विचारीत असे. पुढे तो नुसते कळवू लागला. त्यानंतर कळवणेही राहिले. हक्क कोणी हिसकावून घेतला तर माणूस आरडाओरडा करतो. परंतु तोच हक्क सोयीसाठी दुसऱ्याच्या कपाटात ठेवायला दिला, तर तो नाहीसा झाल्याचे कळायलाही वर्षे जातात.

भिंगचा नवरा त्याच कारखान्यात भट्टीवर होता. दोन भट्ट्यांपैकी एक विटांचे अस्तर बदलण्यासाठी बंद ठेवली होती आणि सारा भार दुसरीवर पडला होता. त्या पहिल्या तारखेला त्याचा सलग बारावा दिवस होता.

त्यांच्या घरात विश्रांतीच्या दिवसाची एक ठरलेली रीत होती. सकाळी अंघोळ झाली की नवरा खिडकीपाशी वर्तमानपत्र पसरून बसे आणि लेकीची नखे कापी. त्याच्या हातांना निखाऱ्याजवळची सवय; पण लेकीची करंगळी धरताना ते इतके हलके होत की पाहणाऱ्याला नवल वाटावे. आता दोन आठवडे ते वर्तमानपत्र पसरलेले नव्हते.

“आण, मी कापते,” भिंग म्हणाली.

“नको. तू घाई करतेस,” लेकीने दोन्ही हात पाठीमागे लपवले. “शाळेत बाई ओरडल्या तरी चालेल. बाबांची सुटी कधी आहे?”

नवरा भिंतीला टेकून बसल्या जागी पेंगत होता. तो डोळे न उघडताच म्हणाला, “तुझ्या मामाला विचार. माझी सुटी त्याच्या कपाटात आहे.”

तिघेही हसली. हसण्यासारखे त्यात काही नव्हते, हे भिंगला नंतर कळले.

सलग कामाच्या बाविसाव्या दिवशी दुपारी दोन वाजता, लख्ख उजेडात, तो भट्टीच्या तोंडाशी उभ्या-उभ्या झोपला. एखादा क्षणच, पण चिमट्यातला वितळलेल्या काचेचा गोळा तेवढ्यात निसटला आणि डाव्या पावलावर पडला. बूट जाळून तो आत गेला. इस्पितळात दोन बोटे काढावी लागली. शुद्धीवर आल्यावर तो पहिल्यांदा जे बोलला ते दुखण्याविषयी नव्हते. “मी झोपलो नव्हतो गं,” तो म्हणाला. “उभाच होतो मी.”

अपघातानंतर दहाव्या दिवशी व्यवस्थापकाची नोटीस घरी आली. कामगाराने विश्रांती नाकारून, स्वतःच्या हट्टाने सलग काम केले आणि निष्काळजीपणाने अपघात ओढवून घेतला. तरी त्यास कामावरून का काढू नये, याची चौकशी होईल. सोबत तीन चिठ्ठ्यांच्या प्रती होत्या. सही नवऱ्याचीच होती. तारखा हुकलेल्या तीन सुट्यांच्या होत्या. आणि ज्या चार ओळी नेहमी कोऱ्या राहत, त्यांत शाईने लिहिले होते : ‘बदली सुटी देऊ केली असता मी ती स्वखुशीने नाकारली आहे.’

भिंगने ती ओळ दोनदा वाचली. अक्षर ओळखायला तिला दुसऱ्यांदा वाचण्याची गरज नव्हती. लहानपणी त्याच हाताने तिच्या पाटीवर अक्षरे काढून दिली होती; ती गिरवूनच ती लिहायला शिकली होती.

ती तशीच संघटनेच्या कार्यालयात गेली. दादा खात्यांनुसार कप्पे केलेल्या कपाटासमोर बसला होता. त्याने प्रत पाहिली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, “बस. पाणी घे आधी.”

“पाणी नको. हे तू लिहिलंस?”

“लिहावं लागलं. भट्टी एक दिवस थांबली असती तर मोठं काम हातचं गेलं असतं. कंत्राटी माणसं आणायला टपलेतच ते. मी तीनशे घरं वाचवली, हे तुला कोणी सांगणार नाही.”

“पण ह्यांना विचारलं होतंस?”

“अगं, विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता. तुझा नवरा मला नाही म्हणाला आहे कधी?”

“मग विचारायला काय झालं होतं, दादा?”

दादाने ती प्रत उलटी करून टेबलावर ठेवली. खिडकीखालून मालाची हातगाडी खडखडत गेली.

“चौकशीत एवढंच सांग,” भिंग म्हणाली. “चिठ्ठ्या कोऱ्या होत्या, आणि त्या तू भरल्यास. बाकी काही मागत नाही मी.”

“तसं सांगितलं तर एकट्याचं प्रकरण राहत नाही. चौदा वर्षांच्या सगळ्या चिठ्ठ्या खोट्या ठरतात. उद्या मालक म्हणेल, तुमचीच संघटना करार पाळत नाही, तर आम्ही का पाळू? एका माणसासाठी मी करार बुडवू?”

“करार बुडवायचा राहिलाय कुठं? कुंपणानेच शेत खाल्लं.”

तेव्हा दादाचा आवाज पहिल्यांदा चढला. “तपासणी खात्यातल्या एकतीस बायकांच्या सह्या दर महिन्याला कोण आणून देतं मला? मी येतो का तिथं? तू आणतेस. तोंडानं बोलण्याआधी स्वतःचे हात बघ.”

ती घरी परतली तेव्हा तिच्या मनात दोन घाव होते. भावाने केसाने गळा कापला, हा एक. दुसरा अधिक खोल होता : त्याने शेवटी जे म्हटले, ते खरे होते. आपल्याला फसवणाऱ्याला आपणच शिडी धरून दिली, ही जाणीव फसवणुकीपेक्षा जड असते. आणि म्हणूनच बहुतेक माणसे ती टाळण्यासाठी फसवणूकही मुकाट्याने गिळतात.

पुढच्या महिन्याची पहिली तारीख आली. भिंगने खणातून गठ्ठा काढला, पण वाटला नाही. भोंगा वाजल्यावर ती पट्ट्यापाशी उभी राहून म्हणाली, “आज मी सह्या मागत नाही, विचारते आहे. मागच्या महिन्यात तुम्ही सही केलेल्या चिठ्ठ्यांपैकी ज्या वापरल्या गेल्या नाहीत, त्या कपाटातून परत मागायच्या आणि चौकशीत दाखवायच्या. त्या कोऱ्या आहेत, एवढंच दिसायला हवं. ज्यांना नको असेल त्यांनी नको म्हणा. मला राग नाही.”

“आणि ओव्हरटाइम बंद झाला तर?” एकीने विचारले.

“होईलही. खोटं सांगत नाही.”

काहीजणी डब्यांची झाकणे उघडू लागल्या. मग बुचे बसवणारी उठली. “माझ्या घे. एवढ्या वर्षांत मला खरंच विचारणारी तू पहिली. नवऱ्यानं ऐकलं तर भोवळ येऊन पडेल.”

एकतीसपैकी नऊजणी तयार झाल्या. बाकीच्या बावीस जणींनी मान खाली घालून जेवण उरकले. त्यांना दोष देणे सोपे आहे; त्यांच्या चुली ज्याने पाहिल्या नाहीत, त्याने तो द्यावा. नऊजणी मिळून कपाटापाशी गेल्या तेव्हा दादा खुर्चीत नव्हता. कारकुनाने कप्पा उघडला आणि प्रत्येकीला तिच्या सहीच्या चिठ्ठ्या मुकाट्याने मोजून दिल्या.

चौकशी व्यवस्थापकाच्या कचेरीशेजारच्या लांबट खोलीत झाली. टेबलाच्या एका बाजूला व्यवस्थापक, मध्ये बाहेरून आलेला चौकशी अधिकारी, आणि दुसऱ्या बाजूला कुबडी खुर्चीला टेकवून बसलेला नवरा. त्याच्या शेजारी, नियमाप्रमाणे, कामगारांचा प्रतिनिधी म्हणून दादा होता. नवऱ्याला आधार देऊन आणावे लागले, म्हणून भिंगला दाराजवळ बसू दिले होते.

“ही सही तुमचीच?” अधिकाऱ्याने विचारले.

“होय.”

“आणि वरचा मजकूर?”

“तो माझा नाही.”

“म्हणजे तुम्ही कोऱ्या कागदावर सही केलीत? वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसानं?”

नवऱ्याने शेजारी पाहिले नाही. “कागदाकडे कोण बघत होतं, साहेब? मी माणसाकडे बघून सही केली.”

अधिकारी दादाकडे वळला. “संघटनेचं काय म्हणणं आहे? या चिठ्ठ्या कोण भरतं?”

दादाने समोरचे कागद सारखे केले. आधीच सारखे होते, तरी केले. “माझ्या माहितीप्रमाणे,” तो म्हणाला, “कामगार त्या स्वतः भरून देतात.”

नवऱ्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही. भट्टी विझते तसा तो हळूहळू राखाडी झाला, एवढेच. त्याची ती मुद्रा पाहून भिंग उठली.

“मला सांगायचं आहे.”

“तुमचा यात संबंध?” व्यवस्थापक म्हणाला.

“आहे. माझ्या खात्यातल्या चिठ्ठ्या मी गोळा करते. सही आधी, मजकूर नंतर. दर महिन्याला, गेली बारा वर्षं.” तिने नऊजणींच्या चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या. “या मागच्या महिन्याच्या. सह्या आहेत, तारखा नाहीत. या बायका बाहेर उभ्या आहेत. बोलवा हवं तर.”

अधिकाऱ्याने एकेक चिठ्ठी उलटसुलट पाहिली. मग त्याने लेखणी खाली ठेवली आणि जरा हळू आवाजात म्हणाला, “बाई, तुम्हाला नीट कळावं म्हणून सांगतो. हे मी लिहून घेतलं, तर यांनी विश्रांती नाकारली हा आरोप टिकत नाही. पण खोट्या संमत्या गोळा केल्याचा आरोप तुमच्यावर येतो. मुकादमी तर जाईलच, नोकरीही जाऊ शकते. अजून मी काही लिहिलेलं नाही.”

“अगं, बस खाली,” दादा पुटपुटला. तो आवाज सरचिटणीसाचा नव्हता, भावाचा होता. “मी बघतो काहीतरी.”

“तू चौदा वर्षं आमच्या वतीनं बघतोयस, दादा.” ती अधिकाऱ्याकडे वळली. “लिहा.”

जबानी दीड पानभर झाली. अधिकाऱ्याने कागद तिच्यापुढे सरकवला आणि सहीच्या जागी बोट ठेवले. भिंगने खुर्ची ओढून घेतली आणि पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली. व्यवस्थापकाने घड्याळ पाहिले. ती वाचत राहिली. एके ठिकाणी ‘काही वेळा’ असे लिहिले होते. तिने ते खोडून ‘दर महिन्याला’ करायला लावले. शेवटच्या ओळीखाली अर्धे पान मोकळे होते. तिने लेखणी मागून घेतली, त्या मोकळ्या जागेवर वरून खालपर्यंत तिरपी रेघ ओढली, आणि मग सही केली.

“साक्षीदार म्हणून संघटनेच्या प्रतिनिधीची सही लागेल,” अधिकारी म्हणाला.

कागद दादापुढे आला. इतक्या वर्षांच्या सवयीने त्याचा हात सरळ पानाच्या तळाशी गेला. लेखणीचे टोक कागदाला लागणार, तोच भिंगने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“आधी वाच, दादा.”

चौदा वर्षांत त्याला असे कोणी सांगितले नव्हते. त्याने वर पाहिले. बहिणीच्या डोळ्यांत पाणी होते, पण हात हलत नव्हता. त्याने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि पहिली ओळ वाचू लागला. त्या ओळीत त्याचे नाव होते.