छत्रीच्या तारेचा आकडा

चंद्रभानने धोटा तोंडाजवळ नेला, भोकाला ओठ लावून श्वास आत ओढला, आणि त्याला अशी ढास लागली की धोटा हातातून सुटून मागाच्या खड्ड्यात पडला. जागेश्वर मास्तरांनी वाकून तो उचलला. भोकातून बाहेर आलेलं पांढरं सूत टोकाला लाल झालं होतं.

"हे कधीपासून होऊन राहिलं गा?"

"काही नाही जी मास्तर. पान खाल्लं होतं."

"जेलात तुले पान कोण देते बे?"

चंद्रभान खाली मान घालून हसला. उमरेडकडचा हा कास्तकार शेताच्या धुऱ्यावरच्या मारामारीत एकाचं डोकं फोडून आत आला होता. मागावर नीट काम केलं की शिक्षेत माफी मिळत होती, आणि त्या माफीच्या जोरावर तो येत्या दिवाळीला घरी जाणार होता. आजारी म्हणून पडून राहणाऱ्याला माफी नाही. म्हणून रक्त गिळून तो माग चालवत होता.

"कोणाले सांगू नका जी," तो हळूच म्हणाला. "माफी कापतीन."

जागेश्वर मास्तर जेलचे नोकर असले तरी मुळात कोष्टी. गांधीबागेमागच्या गल्लीत त्यांचं घर, घरात बापाचा माग. कैद्यांना विणकाम शिकवायला त्यांना जेलच्या कारखान्यात ठेवलं होतं. ताण्यातून आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात सुताची कांडी बसवायची, तिचं टोक भोकाशी आणायचं आणि तोंडाने ओढून बाहेर काढायचं, ही कोष्ट्याची रीत. आकड्याने सूत काढणारा कोष्टी म्हणजे आळीत चेष्टेचा विषय. "ओठ लाव, दम ओढ, सूत आपसूक येते," असं मास्तरांचा बाप सांगायचा, आणि तेच मास्तरांनी कैद्यांना शिकवलं होतं. कारखान्यात धोटे थोडे, हात पुष्कळ. सकाळी एकाच्या ओठांना लागलेला धोटा दुपारी दुसऱ्याच्या ओठांना लागायचा.

मास्तरांनी चंद्रभानचं ऐकलं नाही. आठवड्याच्या फेरीला कारखान्यात येणाऱ्या डॉक्टरांपुढे त्याला उभं केलं. डॉक्टर माणूस भला, पण कायम घाईत असलेला. छातीला नळी लावून ते गंभीर झाले आणि "टीबी," एवढंच म्हणाले. निघता निघता त्यांची नजर शेजारच्या मागावर गेली. तिथला कैदी धोट्याला तोंड लावून सूत ओढत होता.

"मास्तर, सगळे असंच करतात? त्याच धोट्यांनी?"

"हो जी. रीतच आहे आमची."

"अहो, मग पंगतीत भात वाढावा तसा तुम्ही हा रोग वाढताय!"

मास्तरांचा बाप खोकून गेला होता. थोरला भाऊ मारोतराव ऐन उमेदीत खोकून गेला होता. घरात या दुखण्याला 'मागाचा खोकला' म्हणायचे. कापसाची भुकटी छातीत जाते, कोष्ट्याच्या नशिबी ते असतंच, असं म्हणून मोकळे व्हायचे. त्याच धोट्यांना बाप, मग भाऊ, मग आपण. आणि तीच विद्या आपण या कोंडलेल्या माणसांना मोठ्या मानाने दिली! मास्तरांना स्वतःचीच शिसारी आली.

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या: चंद्रभानला मोठ्या दवाखान्यात हलवा, आणि बाकीच्यांना सूत काढायला तारेचे आकडे द्या. मास्तर तडक जेलरसाहेबांकडे गेले.

"दवाखान्यात कैदी ठेवायचा म्हणजे रात्रंदिवस दोन शिपाई पहाऱ्याला," जेलरसाहेब म्हणाले. "ते कुठून आणू? आणि तार? जेलमध्ये तार? उद्या एकमेकांचे डोळे फोडतील."

"कारखान्यात कात्री चालते साहेब, मंग आकडा काहून नाही?"

"कात्री वरून मंजूर आहे."

"अन् हा रोग? हा बी वरून मंजूर आहे काय जी?"

जेलरसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मास्तर, पुढच्या आठवड्यात बडे साहेब पाहणीला येताहेत. हॉस्पिटलच्या चादरी तेवढ्या पूर्ण करून घ्या."

हो, चादरी हॉस्पिटलच्याच होत्या. ज्या दवाखान्यात चंद्रभानला खाट मिळत नव्हती, तिथल्याच खाटांसाठी तो खोकत खोकत चादरी विणत होता. दुसऱ्या दिवसापासून जेलात साफसफाईची धांदल उडाली. भिंतींना चुना लागला, झाडांच्या बुंध्यांना गेरू लागला, दगडांच्या कडादेखील रंगल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते असं. गोरे साहेब गेले, झेंडा बदलला, भाषणं झाली. पण कैद्याचा जीव होता त्याच भावात राहिला.

अशाच एका संध्याकाळी मास्तरांनी घरी छत्री मोडली. त्यांची बायको अनुसया ओरडली, "चांगली छत्री काहून मोडून राहिले जी?" मास्तरांनी काडीचं टोक वाकवून बारीक आकडा केला. सकाळी जेलच्या फाटकावर झडतीत तो सापडला. शिपायाने तो दोन बोटांत धरून साप पकडल्यासारखा जेलरसाहेबांकडे नेला. मास्तरांना समज मिळाली. त्या फाटकावर रोज टोप्या, खिसे, चपला झाडून पाहत. चंद्रभानच्या छातीतला रोग आतबाहेर करत होता, त्याला मात्र कोणी अडवत नव्हतं.

बडे साहेब आले. पांढरीशुभ्र टोपी, मागे जेलरसाहेब, त्यांच्या मागे शिपाई. चुन्याच्या वासाने ते खूश दिसले. नेमके चंद्रभानच्या मागाशी थांबले. "वा! कसं चालवतोस, दाखव बरं."

चंद्रभानने तोंडावरची मूठ काढली आणि धोटा उचलला. मास्तरांनी तो त्याच्या हातातून घेतला. नवी कांडी बसवली, सुताचं टोक भोकाशी आणलं आणि धोटा जेलरसाहेबांपुढे धरला.

"सूत तुम्ही ओढा साहेब."

"काय?"

"तोंड लावा अन् ओढा. सकाळपासून हा धोटा चंद्रभानच्या तोंडात होता. त्याले टीबी आहे, डॉक्टरसाहेब सांगून गेले. याच्यानंतर हाच धोटा दुसऱ्याच्या तोंडात जाईन."

जेलरसाहेबांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला. एकेक करून सगळे माग थांबले.

"काहून जी? तुमचं तोंड ते तोंड, अन् याइचं काय मोरी आहे?" मास्तरांनी धोटा तसाच पुढे धरून ठेवला. "चोरी केली असन, डोकं फोडलं असन, त्याची सजा कोर्टानं देली. खोकून मरायची सजा कोणत्या कोर्टानं देली, ते सांगा!"

बडे साहेब नाकाला रुमाल लावून मागे सरले.

न मिळणारे दोन शिपाई दुसऱ्याच दिवशी मिळाले. दवाखान्यात निघालेल्या चंद्रभानची फाटकावर नेहमीप्रमाणे झडती झाली. "तोंड उघड," शिपाई सवयीने म्हणाला. चंद्रभानने आज्ञाधारकपणे तोंड उघडलं, तसा शिपाई झटकन बाजूला झाला.

"मास्तर, माफी कापतीन काय जी?" चंद्रभानने विचारलं.

"नाही गा. मी बोललो साहेबाशी," मास्तर खोटं बोलले.

चंद्रभानला दिवाळी दिसली नाही. कारखान्यात आकडे आले. प्रत्येक मागाला एक, तोही साखळीने खांबाला बांधलेला. पुढच्या पाहणीत ही सुधारणा जेलरसाहेबांच्या कल्पकतेची म्हणून वाखाणली गेली. ते कौतुक ऐकायला मास्तर तिथे नव्हते. बेशिस्तीबद्दल त्यांना कधीच घरी बसवलं होतं.

घरी ते बापाच्या मागावर बसले. बापाचाच धोटा हातात घेतला. भोकाभोवतीचं लाकूड ओठ लागून लागून गुळगुळीत झालं होतं. कांडी बसवली, हात सवयीने तोंडाशी गेला आणि तिथेच थांबला.

"काहून थांबले जी?" अनुसयेने विचारलं.

मास्तरांनी मोडक्या छत्रीची आणखी एक काडी काढली, वाकवली आणि भोकात घातली. सूत निसटलं. परत घातली, परत निसटलं.

"जन्म गेला मागावर, अन् आता शिकून राहिले," अनुसया हसली. मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून तिचं हसू गेलं. ती उठली, कोनाड्यातला दिराचा, मारोतरावांचा धोटा पदराने पुसून घेऊन आली आणि त्यांच्याजवळ बसली.

"मले बी दाखवा," ती म्हणाली.

मास्तरांनी आकडा तिच्या हातात दिला.